घोड्याचा पाय

आमच्या भिसेगावात राहणाऱ्या बाईला घड्याळाची फारशी गरज नसते. रुळांच्या त्या अंगाला कर्जत, या अंगाला आम्ही. कुठल्या गाडीला डबा भरायचा, कुठल्या गाडीला कुकर लावायचा आणि कुठली गाडी गेली की दिवा लावायचा, हे सगळं कानांनाच पाठ झालेलं. घाट चढायला गाड्यांना मागून इंजिनं जोडतात, त्याचा तो दणका ऐकत माझ्या संसाराची एकोणीस वर्षं गेली. या गाड्यांचा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर मैत्रिणींनो, गोष्ट दिवाळीतली. आमच्या चिरंजीवांचा किल्ला अंगणात तयार झाला होता. मोहरी पेरून झाली होती, पायऱ्या झाल्या होत्या, गुहेत प्लास्टिकचा वाघही बसला होता. आता मावळे मांडायचे म्हणून माळ्यावरची खोकी काढली आणि त्यातून महाराजांचा घोडा निघाला तो तीन पायांचा! तुम्हाला माहीतच आहे, किल्ल्यावर मावळा एखादा कमी चालतो, पण महाराजांचा घोडा लंगडा कसा चालेल? पोराने जे भोकाड पसरलं म्हणता!

बाजारात नवा घोडा मिळाला असता. पण तो जुना घोडा ह्यांच्या लहानपणचा. त्यामुळे मीच पदर खोचला. नळ गळतो तेव्हा लावायचं एम-सील घरात होतं. दोन भाग असतात बघा, एक गडद, एक फिकट. दोन्ही सारखे घेऊन मळले, पायाचा आकार केला आणि चिकटवला. पाच मिनिटांत पाय खाली वाकला. दुसऱ्यांदा जरा जाड केला, तर घोड्याला हत्तीचा पाय लावल्यासारखं दिसायला लागलं. तिसऱ्यांदा बराच वेळ हाताने धरून बसले, तेव्हा पाय राहिला पण माझी बोटं त्याला चिकटली. ओढली तर पायही आला!

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. आई तिन्ही वेळा काही बोलल्या नाहीत. चौथ्या वेळी सुपातले हात झटकून त्या उठल्या, ह्यांच्या खोक्यातून बारीक तार शोधून आणली आणि पक्कडीने तिचा बोटभर तुकडा तोडला. मोडक्या पायाच्या जागी दाभणाने भोक पाडलं, त्यात तार रोवली आणि गुडघा जिथे यायचा तिथे तारेला बाक दिला. मग मळलेला गोळा त्या तारेभोवती अगदी पातळ, जेमतेम तार झाकेल एवढाच लावला आणि घोडा आडवा करून ठेवून दिला. मला म्हणाल्या, आता तासभर याच्याकडे बघायचं नाही. आधी हाड धरू दे, मांस मागून चढवू.

तासाभराने त्यांनी दुसरा थर चढवला. ओल्या बोटाने गुळगुळीत केला, दात घासायच्या काडीने खूर कोरला. मी नुसती बघत राहिले. एकोणीस वर्षं या बाईंच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या, हातचे पापड विकले, पण हे बोटांतलं कसब मला ठाऊकच नव्हतं.

विचारलं तेव्हा कळलं. आईंचं माहेर पेणचं. शेजारीच गणपतीचा कारखाना. परकर-पोलक्यात असल्यापासून लग्न होईपर्यंत दर उन्हाळा-पावसाळ्यात त्या तिथे जायच्या. आधी नुसती शाडूची माती मळायला, मग साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे बुजवायला आणि शेवटी शेवटी तर सोंडेचं वळण आणि हाताची बोटंसुद्धा त्यांच्याकडे यायची. मालक मूर्ती पुढे सरकवायचे, एवढीच काय ती पावती. लग्न झालं, कर्जतला आल्या आणि ते संपलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं कसं नाही, असं मी विचारलं, तर त्यांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. कुणी विचारलं होतं?

हा प्रश्न माझ्या मनात काट्यासारखा रुतून बसला.

त्याच बोलण्यात आईंनी एक नाव घेतलं, सासवण्याचे करमरकर. पेणच्या कारखान्यात म्हणे हे नाव मोठ्या माणसांच्या तोंडी असायचं. आपल्याच जिल्ह्यातला, गणपती करणाऱ्या घरातला मुलगा, पण केवढा मोठा झाला! आईंनी त्यांचं काम कधी पाहिलं नव्हतं. इथून खोपोली, पेण, वडखळ आणि कार्लेखिंडीतून चोंढीकडे वळलं की सासवणे. किती लांब आहे हो? तरी सत्तरी उलटेपर्यंत जाणं झालं नाही. जानेवारीत अलिबागला एक लग्न होतं, तेव्हा मी हट्टच धरला आणि गाडी सासवण्याकडे वळवायला लावली.

विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजे नानासाहेब करमरकर, यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ चा, याच सासवण्यातला. त्या वेळी आपल्या रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. समुद्रकाठचं, नारळी-पोफळीतलं छोटं गाव. घरात गणपतीच्या मूर्ती करायची परंपरा होती. म्हणजे मातीत हात घालायला या मुलाला कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्याकडच्या पोरी जशा कणकेच्या चिमण्या करता करता पोळ्या लाटायला शिकतात, तसंच ते. मूर्ती करायच्या आणि मिळेल त्या भिंतीवर चित्रं काढायची, हा त्याचा नाद.

आता त्या काळात अशी मुलं कोकणात गावोगाव असणार. त्यांचं पुढे काय व्हायचं? भाद्रपदात चार मूर्ती करायच्या, बाकी वर्षभर शेती किंवा नोकरी. विनायकाचंही तेच झालं असतं. पण त्याच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली. कुलाब्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड नावाचे साहेब फिरतीवर सासवण्याला आले. त्यांना भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र दिसलं. हे कुणी काढलं, अशी त्यांनी चौकशी केली आणि मुलगा समोर आला, अशी हकीकत सांगतात. साहेब तारीफ करून घोड्यावर बसून निघून गेले असते, तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी या मुलाला मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत शिकता यावं यासाठी मदत केली.

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो प्रश्न वाटतो. हे कुणी काढलं? केवढा साधा प्रश्न! पण तो विचारला गेला म्हणून एक आयुष्य बदललं.

ज. जी.त विनायकाने शिल्पकला घेतली. तिथे काय शिकायला मिळालं असेल, याची कल्पना मला आता त्या घोड्याच्या पायावरून करता येते. गणपतीच्या मूर्तीत सोंड, पोट, हात यांचे आकार ठरलेले असतात. पण जिवंत माणसाचा पुतळा करायचा तर कातडीखाली मांस कसं आहे, मांसाखाली हाड कुठे आहे, माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की कंबर कुठल्या बाजूला कलते, हे सगळं कळायला लागतं. मातीचा मोठा पुतळा करताना आधी आत लोखंडाचा आणि लाकडाचा सांगाडा उभारतात. तो चुकला तर वरून कितीही सुंदर काम करा, माती आपल्या वजनाने खाली येते. पुतळा पुरा होईपर्यंत माती ओली राहावी म्हणून रोज पाणी शिंपडून ओली फडकी गुंडाळून ठेवायची. अगदी बाळंतिणीच्या बाळासारखी निगा!

शिक्षण झालं, पदकही मिळालं. पण पदकाने पोट थोडंच भरतं? त्या काळी पुतळे करून घेणारी गिऱ्हाइकं म्हणजे संस्थानिक, साहेब किंवा धनिक. इथे विनायकाला दुसरा माणूस भेटला. रवींद्रनाथ ठाकुरांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर. त्यांच्या प्रोत्साहनाने १९१६ साली सासवण्याचा हा तरुण थेट कोलकात्याला गेला आणि तिथे त्याने आपला स्टुडिओ थाटला. परका मुलूख, परकी भाषा, जेवणात रोज मासे. (आता हा कोकणातला असला तरी करमरकरांच्या घरातला, हे लक्षात घ्या!) तरी तिथे जम बसला. जम बसल्यावर माणूस सहसा तिथेच थांबतो. हे थांबले नाहीत. आपल्याला अजून येत नाही असं ज्याला वाटतं, तोच शिकतो. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. तेव्हा वय होतं अठ्ठावीस-एकोणतीस. आपल्याकडे त्या वयाच्या बाईला सांगून बघा, नव्याने काही शिक म्हणून. आता या वयात कुठे, असंच उत्तर येईल!

परत आल्यावर त्यांच्या हातून जे काम झालं, त्याने त्यांचं नाव घरोघरी पोचलं. पुण्याला शिवाजी महाराजांचं भव्य स्मारक व्हावं, ही कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची इच्छा. १९२१ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. काम रेंगाळलं. अखेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा करायची जबाबदारी करमरकरांकडे आली. साडेतेरा फूट उंचीचा, ब्राँझचा. बायांनो, विचार करा. घोडा आपल्या पायांवर उभा आणि ते पाय ते केवढे बारीक! वर घोड्याचं धड, त्यावर महाराज, सगळ्याचा भार त्या पायांवर. आमच्या बोटभर घोड्याचा एक पाय बसवताना मला चार वेळा घाम फुटला. इथे तर आधी माती, मग साचा आणि मग त्या साच्यात वितळलेला लालभडक धातू ओतायचा. कुठे हवा अडकली, कुठे धातू पोचला नाही, तर एवढ्या दिवसांची मेहनत एका दिवसात वाया.

ओतकाम मुंबईत, माझगावच्या गोदीत झालं आणि ते साधलं. मग पुतळा पुण्याला न्यायचा होता. तो रेल्वेने नेला, असं सांगतात. वाचता वाचता या वाक्याशी मी थबकलेच. कारण मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या रुळांना दुसरी वाट कुठे आहे? म्हणजे १९२८ च्या उन्हाळ्यात की पावसाच्या तोंडावर, ते महाराज, तो घोडा आमच्या भिसेगावच्या कडेने गेले असणार. कर्जतला थांबले असणार. घाट चढायला मागून इंजिन जोडलं असणार, तोच दणका झाला असणार. आमच्या आजेसासूबाई तेव्हा कदाचित पाटावर धुणं धूत असतील. त्यांनी मान वर करून बघितलं असेल का, कोण जाणे!

१६ जून १९२८ रोजी त्या पुतळ्याचं अनावरण झालं. शिवाजीनगरला, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. करमरकरांचं वय तेव्हा छत्तीस. भिंतीवर ज्या महाराजांचं चित्र काढलं म्हणून शिकायला मिळालं, त्याच महाराजांना त्यांनी ब्राँझमध्ये उभं केलं.

पुढे कामं येत गेली, मोठमोठ्या माणसांचे पुतळे झाले. शंख फुंकणाऱ्या माणसाचं त्यांचं शंखध्वनी हे शिल्प फार गाजलं. १९६२ मध्ये पद्मश्री मिळाली, १९६४ मध्ये ललित कला अकादमीचं सन्मानाचं सदस्यत्व. पण मला खरं जिंकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. एवढं नाव झालेला माणूस आपलं सासवणे विसरला नाही. तिथे घर बांधलं आणि त्या घरात, अंगणात आपल्याच अवतीभवतीची माणसं घडवली. कोळीण, कष्टकरी, लहान मुलं, गुरं. यांच्या पुतळ्याचे पैसे कुणी देणार नव्हतं. पण त्यांनी त्यांच्याकडेही तेवढ्याच बारकाईने पाहिलं, जेवढं राजेरजवाड्यांकडे पाहिलं. संगमरवर आणि ब्राँझ परवडणारं नव्हतं तिथे सिमेंट वापरलं. आपण घराला लावतो तेच सिमेंट! १३ जून १९६७ ला नानासाहेब गेले. ते घर आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. दीडशेच्या वर शिल्पं आहेत.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, गर्दी नव्हती. अंगणात त्यांची सिमेंटची म्हैस आहे. खरी समजून आमचा मुलगा आधी लांब उभा राहिला! आत गेल्यावर आम्ही बाकी सगळे पुतळ्यांचे चेहरे बघत होतो. आई मात्र प्रत्येक पुतळ्याच्या मागे जात होत्या. मला कळेना. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, समोरून सगळेच नीट करतात, सांधा मागे असतो. कानामागची जागा, काखेतली जागा, पदराची आतली बाजू त्या वाकून वाकून बघत होत्या. एका बाईच्या पुतळ्याच्या पाठीशी तर बराच वेळ उभ्या राहिल्या. हात पाठीमागे बांधलेले, कारण हात लावायचा नाही हे ठाऊक होतं. पण अंगठा हलत होता. हवेतच काहीतरी गुळगुळीत करत होता.

तेवढ्यात मला माझी खरी चूक कळली. आईंना मी वयाने मान दिला, पाया पडले, औषधं वेळेवर दिली. पण रॉथफील्ड साहेबांनी एका अनोळखी पोराच्या बाबतीत जो प्रश्न विचारला, तो मी माझ्या घरातल्या माणसाबद्दल एकोणीस वर्षांत विचारला नाही. दर गणपतीत गौरीचा मुखवटा कोण सारखा करतं, तुटलेला कान कोण बसवतं, हे बघूनही बघितलं नाही. बाईच्या हातातलं कसब आपण हौस म्हणून एका शब्दात गुंडाळून ठेवतो.

परत येताना गाडीत आईंचा अंगठा मी हातात घेतला. सांध्याशी सुजलेला, पुरता वाकतही नाही. दिवाळीत घोड्याचा पाय करताना त्या मधूनमधून थांबत होत्या, ते मला वाटलं विचार करत होत्या. विचार नव्हे, ती कळ होती.

आता आमची दुपार बदलली आहे. जेवणं झाली, भांडी आवरली की जुनं वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघी बसतो. आई सांगतात, मी करते. तुम्हालाही करून बघायचं असेल तर जे शिकले ते सांगते. गोळा एका वेळी सुपारीएवढाच मळायचा, कारण अर्ध्या-पाऊण तासात तो हट्टी होतो. दोन्ही भाग अगदी सारखे घ्यायचे आणि एकच रंग दिसेपर्यंत मळायचं. रेघा राहिल्या तर तिथे कच्चा राहतो. जुन्या मूर्तीला जोडायचं तर ती जागा आधी पॉलिश पेपरने खरखरीत करायची. बोट सतत ओलं ठेवायचं, पण पाणी टपकता कामा नये. हातमोजे घातले तर उत्तम, नाहीतर काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवायचे, तसेच कणकेला लावायचे नाहीत. आणि सगळं एका बैठकीत करायचं नाही. आज धड, उद्या हात, परवा पागोटं. आईंच्या शाडूला वाळताना तडे जायचे, याला तसे जात नाहीत. पण शाडू चुकली तर भिजवून पुन्हा मळता येते, हे एकदा घट्ट झालं की झालं. म्हणून घाई नको.

माझा पहिला मावळा मान वाकडी करून उभा आहे. दुसऱ्याच्या हातातली तलवार लाटण्यासारखी दिसते. आई हसतात आणि पुन्हा करायला लावतात. आळीतल्या पोरांना बातमी लागली आहे. मोडके मावळे, तुटके हत्ती, सोंड गेलेले गणपती असे काय काय आमच्या ओट्यावर येऊन पडतात. परवा शेजारची एक चिमुरडी स्वतः केलेला मातीचा बैल घेऊन आली. शिंगं आत-बाहेर, पाय तीनच. मी चहाच्या गडबडीत होते, छान आहे म्हणून तिला वाटेला लावणार होते. पण आईंनी तिला थांबवलं, शेजारी बसवून घेतलं, बैल हातात घेतला, उलटा करून पोटाखालचा सांधा बघितला आणि मग तिला विचारलं, की हे कुणी केलं?

ती पोर जी फुलली! तेव्हापासून रोज येते. येताना तारेचा तुकडाही स्वतःच घेऊन येते.